चाळणीला तराजू म्हणू नका

"दादा, तुमच्या कंपनीत लागायला काय यावं लागतं?"

हेमलकसाला आमच्या घराच्या ओट्यावर बसून शेजारच्या मुलीनं मला हे विचारलं. ती यंदा दहावीला आहे. गणित आवडतं, इंग्रजीची धास्ती वाटते. भावाच्या फोनवर, रेंज असेल तेव्हा, यूट्यूब बघून पायथन शिकते. प्रश्न अगदी सरळ होता आणि योग्य माणसाला विचारलेला होता. मी गेली चार वर्षं हैदराबादला एका मोठ्या टेक कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यातली दोन वर्षं मी तिथे इतरांचे इंटरव्ह्यू घेतो. आत कसं जायचं हे मला नाही तर कुणाला माहीत असणार?

मी म्हणालो, "मेहनत केली की होतं."

तिनं मान डोलावली. या भागातल्या मुलांना ही ओळ नवी नाही. दिवाळीच्या सुट्टीत गाड्या भरून येणारा प्रत्येक पाहुणा त्यांना हेच सांगून जातो. तेच वाक्य माझ्याच तोंडून ऐकल्यावर मला माझी लाज वाटली, कारण ते खरं नाही आणि ते खरं नाही हे मला माहीत आहे.

हा लेख म्हणजे तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. थोडं तिच्यासाठी, आणि जास्त माझ्यासारख्या, टेबलाच्या पलीकडे बसून "हायर" की "नो हायर" ठरवणाऱ्या लोकांसाठी.

*

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. महाराष्ट्रात सरकारी नोकरांसाठी गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा, आणि त्यात भामरागड तालुका म्हणजे शिक्षेतली शिक्षा. बाबांची बदली इथे झाली तेव्हा नातेवाइकांनी सांत्वनाचे फोन केले होते. बाबा राहिले ते राहिलेच. मी इथेच चौथीपर्यंत शिकलो, मग हॉस्टेल, मग चंद्रपूरला इंजिनिअरिंग. तिथून पुण्यात हिंजवडीला एका सर्व्हिस कंपनीत वर्षाला साडेतीन लाखांवर लागलो. दोन वर्षांनी मोठ्या कंपनीत गेलो.

मधल्या त्या दोन वर्षांत काय केलं ते ऐका. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ऑफिस. रात्री नऊ ते एक प्रॉब्लेम सोडवणं. ॲरे, लिंक्ड लिस्ट, ट्री, ग्राफ, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. लीटकोडवर 430 प्रॉब्लेम केले. सिस्टिम डिझाइनचा एक विकतचा कोर्स, पाच मॉक इंटरव्ह्यू, तेही पैसे देऊन. रूममेटचा मित्र त्या कंपनीत होता, त्यानं रेफरल दिलं. त्याआधी चार ठिकाणी नापास झालो. पाचव्या ठिकाणी लागलो.

मेहनत केली, यात वादच नाही. पण त्या मेहनतीला काय काय लागलं? मी अविवाहित होतो. डबा मेसमधून येत होता. घरी पैसे पाठवावे लागत नव्हते, कारण बाबांचा पगार सुरू होता. वायफाय होतं. चार वेळा नापास होऊन पाचव्यांदा बसायची उसंत होती. माझ्याच टीममध्ये माझ्याहून चांगलं काम करणारी एक सीनियर होती. ती सहाच्या ठोक्याला निघायची, कारण पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं. तिनं दोन वर्षांत किती प्रॉब्लेम सोडवले असतील? ती अजून त्याच सर्व्हिस कंपनीत आहे.

आम्ही दोघं एकाच परीक्षेला बसलो असतो तर निकाल काय लागला असता ते उघड आहे. आणि त्या निकालाला सगळ्यांनी "मेरिट" म्हटलं असतं.

*

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या कंपनीत आधी एक ऑनलाइन टेस्ट असते. मग फोनवर किंवा व्हिडिओवर एक राउंड. मग चार-पाच राउंडची माळ. त्यातल्या दोन-तीन राउंडमध्ये 45 मिनिटांत एक किंवा दोन कोडी प्रोग्राम लिहून सोडवायची, आणि सोडवता सोडवता मोठ्यानं विचार करायचा, इंग्रजीत. एक राउंड "लाखो लोक वापरतील अशी सिस्टिम बांधून दाखवा" याचा. एक राउंड स्वभावाचा: "सहकाऱ्याशी मतभेद झाले तेव्हा तुम्ही काय केलंत ते सांगा." प्रत्येक राउंडनंतर घेणारा एका साच्यात शेरा भरतो. माझ्याकडच्या साच्यात चार पर्याय आहेत: स्ट्राँग हायर, हायर, नो हायर, स्ट्राँग नो हायर. "माहीत नाही" हा पर्याय नाही.

आता ज्या इंटरव्ह्यूमुळे हा लेख लिहायची वेळ आली तो सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

समोरचा मुलगा महाराष्ट्रातल्याच एका आडबाजूच्या तालुक्यातला होता. फोनच्या हॉटस्पॉटवरून जोडलेला. त्याच्या इंग्रजीतून मराठी मला लगेच ऐकू आलं. मी मराठी आहे हे मी त्याला सांगितलं नाही. निष्पक्ष राहायचं होतं ना.

प्रॉब्लेम नेहमीचाच होता. चौकटींचा एक तक्ता, काही चौकटींत 0, काही चौकटींत 1. 0 म्हणजे पाणी, 1 म्हणजे जमीन. बेटं किती ते मोजा. तयारी केलेला माणूस हा दहा मिनिटांत लिहून मोकळा होतो, कारण त्यानं तो आधी वीसदा लिहिलेला असतो. या मुलानं तो कधी पाहिलाच नव्हता हे दिसत होतं. त्यानं विचारलं, "पाणी चढतं-उतरतं का? म्हणजे तक्ता बदलतो का मधे?" मी म्हणालो, "नाही, स्थिर आहे असं धर." (दर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बुडतो आणि पलीकडच्या गावांचं बेट होतं. हे बघत मोठा झालेला मी त्याला सांगत होतो की पाणी स्थिर धर.)

मधे दोनदा त्याचं नेट गेलं. परत आल्यावर तो दोन्ही वेळा माफी मागत होता. उत्तराची दिशा बरोबर पकडली, पण एकदा मोजलेल्या चौकटीवर खूण करायला विसरला. असा प्रोग्राम त्याच चौकटींत गोल गोल फिरत राहतो. प्रत्यक्ष कामात ही चूक दोन मिनिटांत सापडते. कोड चालवायचा, तो कोसळतो, आपण कपाळावर हात मारतो, एक ओळ टाकतो. पण आम्ही ज्या एडिटरमध्ये लिहायला लावतो त्यात कोड चालवायची सोयच नाही. फक्त लिहायचं. इंजिनिअरला यंत्र न देता यंत्र दुरुस्त करायला सांगायचं.

शेवटची पाच मिनिटं "तुला काही विचारायचंय का" यासाठी असतात. त्यानं विचारलं नाही, सांगितलं. त्याची बहीण आरोग्य उपकेंद्रात काम करते. तिथल्या औषधांच्या साठ्याची नोंद ठेवायला त्यानं एक ॲप लिहिलंय. रेंज नसताना नोंदी फोनमध्येच राहतात, रेंज आली की वर जातात. दोन फोनवरून एकाच औषधाच्या वेगवेगळ्या नोंदी आल्या की कुठली खरी धरायची यावर त्यानं बरंच डोकं लावलं होतं. ज्यांना यातलं कळतं त्यांना माहीत आहे: नेटवर्क तुटतं, घड्याळं जुळत नाहीत, दोन जागी दोन सत्यं असतात, हे आमच्या धंद्यातल्या सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एक आहे. त्यावर चांगल्या चांगल्यांचे घाम निघतात.

मी म्हणालो, "नाइस." वेळ संपली होती.

साच्यात मी लिहिलं: प्रॉब्लेम पूर्ण झाला नाही. संवाद साधारण. नो हायर.

तो चांगला इंजिनिअर होता का? मला माहीत नाही. हे मी नम्रपणे म्हणत नाहीये. मला खरंच माहीत नाही, कारण 45 मिनिटांतली 40 मिनिटं मी ते शोधलंच नाही. त्यानं तो प्रॉब्लेम आधी केलाय की नाही, एवढंच शोधलं. ते उत्तर मला चौथ्या मिनिटालाच मिळालं होतं.

*

ही फक्त माझी अपराधी भावना असती तर लेख लिहिला नसता. पण हे आमच्या धंद्याला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे.

2013 साली गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी न्यूयॉर्क टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत सांगितलं की त्यांनी हजारो इंटरव्ह्यू तपासले. कुणी कुणाला किती गुण दिले आणि तो माणूस पुढे कामात कसा निघाला, याची सांगड घातली. सांगड बसलीच नाही. विमानात किती गोल्फचे चेंडू मावतील छापाची कोडी म्हणजे निव्वळ वेळ वाया घालवणं आहे, हेही त्यांनीच कबूल केलं. कोडी गेली. त्यांच्या जागी प्रोग्रामिंगची कोडी राहिली.

2015 साली मॅक्स हॉवेल नावाच्या प्रोग्रामरनं एक ट्वीट केलं. मॅक वापरणारे बहुतेक प्रोग्रामर ज्याच्याशिवाय हलत नाहीत ते होमब्रू त्यानं बनवलंय. त्याचं म्हणणं असं की गूगलचे बहुतेक इंजिनिअर माझं सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून मला नाकारलं. ते ट्वीट जरा एकांगी होतं हे त्यानं स्वतःच नंतर मान्य केलं. मुद्दा तरी उरतोच: समोर बसलेल्या माणसानं काय बनवलंय यापेक्षा फळ्यावर काय लिहिलं याचं वजन जास्त.

2020 साली नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. 48 विद्यार्थी घेतले. प्रश्न तोच, फळा तोच. अर्ध्यांनी तो कुणाच्या नजरेखाली, मोठ्यानं बोलत सोडवायचा. अर्ध्यांनी बंद खोलीत, एकट्यानं. नजरेखाली असलेल्यांची कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. त्यातल्या मुलींचं तर असं झालं की नजरेखाली एकीलाही सुटलं नाही, आणि एकट्या असलेल्या सगळ्यांना सुटलं. प्रयोग लहान आहे, त्यावरून जगाचे नियम काढायचे नाहीत. पण एवढं विचारायला हरकत नसावी: आपण प्रोग्रामिंग तपासतोय की कुणी टक लावून बघत असताना न घाबरण्याची कला?

*

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा घेतो. तो माझाच आहे. मित्रांशी भांडताना मी स्वतः तो अनेकदा वापरलाय.

मुद्दा असा: "अरे, हाच तर एक दरवाजा आहे जो तुझं कॉलेज विचारत नाही. आयआयटीवाल्यांना कंपन्या कॅम्पसवर येऊन घेऊन जातात. चंद्रपूरच्या पोराला कोण विचारतं? कोड्याला जात कळत नाही, आडनाव कळत नाही, गाव कळत नाही. हे काढून टाकलं तर मागे काय उरेल? ओळखीपाळखी आणि मोठ्या कॉलेजचा शिक्का. तू स्वतः याच दारातून आत आलास आणि आता दारालाच शिव्या घालतोस?"

यातलं बरंच खरं आहे. मी आत आलो तो याच दारातून. "इंटरव्ह्यू बंद करा, गप्पा मारून माणूस घ्या" असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडीन. गप्पांमध्ये ज्याचं इंग्रजी गुळगुळीत आणि ज्याचा मामा व्हाइस प्रेसिडेंट तोच जिंकणार. मला परीक्षा हवीच आहे.

पण हा दरवाजा कॉलेजचं नाव विचारत नाही म्हणून काहीच विचारत नाही असं नाही. तो विचारतो: तुझ्याकडे रोजचे चार मोकळे तास आहेत का? वर्षभर आहेत का? नापास झालास तर घर थांबेल का? रेफरल देणारा कुणी आहे का? पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं एमपीएससी करणाऱ्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. कुठलीही परीक्षा पुरेशी लांब झाली की ती ज्ञानाची कमी आणि थांबण्याच्या ऐपतीची जास्त होते.

कंपन्यांचं म्हणणं वेगळं असतं आणि ते जास्त प्रामाणिक आहे. चुकीचा माणूस आत आला तर महागात पडतो, चांगला माणूस बाहेर राहिला तर आपलं फारसं बिघडत नाही. अर्ज ढिगानं येतात, जागा मूठभर. म्हणून भोकं बारीक ठेवा. धंदा म्हणून हे समजू शकतं. पण मग त्याला नाव बरोबर द्या. ही चाळणी आहे. चाळणी दाण्याचं वजन सांगत नाही. या भोकातून गेला की नाही एवढंच सांगते. तराजू वेगळा असतो.

भांडण चाळणी असण्याचं नाही, चाळणीला तराजू म्हणण्याचं आहे. कारण तो शब्द पुढे खूप काम करतो. जे आत आले त्यांना वाटतं आपण जड आहोत. जे राहिले त्यांना वाटतं आपण हलके. मग आई लग्नाच्या बाजारात पोराचं पॅकेज सांगते, कॉलेज गेटवर फ्लेक्स लावतं, आणि तीन ठिकाणी नापास झालेली हुशार पोरगी "आपल्यात तेवढं नाहीये" असं म्हणून टेस्टिंगच्या कामाला लागते आणि पुन्हा प्रयत्नच करत नाही.

*

आत गेल्यावर काम काय असतं ते तरी सांगतो.

गेल्या वर्षभरात मी एकही ट्री उलटा केला नाही. मी दुसऱ्यांचा कोड वाचला. भरपूर वाचला. कंपनी सोडून गेलेल्या माणसानं कुठल्याशा कोपऱ्यात तीन वर्षांपूर्वी लिहिलेली एक अट का लिहिली असेल, हे शोधण्यात आठवडा घालवला. एका ओळीच्या बदलाला चार टीमच्या परवानग्या लागल्या, तीन आठवडे गेले. ऑन-कॉलच्या आठवड्यात रात्री तीनला फोन वाजला की लॅपटॉप उघडून, डोळे चोळत, हजारो ओळींच्या लॉगमधून नेमकं काय बिघडलंय ते शोधलं. "मला हे कळत नाहीये" असं भरल्या मीटिंगमध्ये म्हणायला शिकलो. ते शिकायला दीड वर्ष लागलं, कारण इंटरव्ह्यूनं मला नेमकं उलटं शिकवलं होतं: कळत नसलं तरी बोलत राहा, शांत बसू नकोस.

आणि ज्या तराजूनं आम्हाला एवढं तोलून मापून घेतलं त्याचं पुढे काय झालं तेही बघा. नोव्हेंबर 2022 मध्ये मेटानं 11,000 लोक काढले. जानेवारी 2023 मध्ये गूगलनं 12,000 जणांच्या कपातीची घोषणा केली. ॲमेझॉनचा आकडा 18,000 च्या वर गेला. यातल्या अनेकांना सकाळी मेल आला आणि त्यानंतर लॉगिन चाललंच नाही. घेताना सहा राउंड, काढताना एक मेल. एवढ्या काटेकोरपणे निवडलेली माणसं एवढ्या सहज नकोशी होत असतील तर त्या काट्यात नक्की काय मोजलं होतं?

*

इथे हेमलकसाबद्दल बोलायला हवं. तुम्ही वाट बघतच असाल की आता हा म्हणणार, "मी नोकरी सोडली आणि जंगलात आलो." नाही. मी सुट्टीवर आलोय, पंधरा दिवसांनी परत जाणार. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च माझ्या पगारातून झालाय. पगाराला नावं ठेवणारा लेख वाचायचा असेल तर तो पगार न लागणाऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्या.

पण या गावाकडे आपण फक्त प्रेरणा मागायला येतो याचा मला राग आहे. आयटीवाले येतात, भारावतात, बिबट्याचा फोटो काढतात, "सगळं सोडून इकडे यावंसं वाटतं" असं लिहितात आणि सोमवारी लॉगिन करतात. त्यागाला हार घातला की शिकायची जबाबदारी संपते. मला इथून त्याग नको, कामाची पद्धत उचलायची आहे.

23 डिसेंबर 1973 ला बाबा आमटेंनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश आमटे नागपूरला सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण अर्ध्यावर सोडून आले, मंदाकिनीताई भूलतज्ज्ञ. वीज नाही, रस्ता नाही, माडिया भाषा येत नाही, आणि माडिया लोकांचा त्यांच्यावर विश्वास नाही. समोर येणारे पेशंट त्यांच्या विषयातलेच असतील याची काही हमी नव्हती. अस्वलानं फाडलेला माणूस, अडलेली बाई, मलेरियानं तापलेलं पोर. जे येत नव्हतं ते त्यांनी पुस्तकं उघडून, दुसऱ्यांना विचारून, करत करत शिकून घेतलं. 2008 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण हा सगळा प्रवास पुस्तक उघडं ठेवून झालेला आहे. आमच्या साच्यात त्यांचा शेरा काय पडला असता? "उमेदवारानं उत्तर देण्याआधी संदर्भ पाहिला. नो हायर."

दुसरी गोष्ट माझ्यासाठी त्याहून महत्त्वाची. त्यांनी गावातल्या तरुणांना हाताशी घेतलं आणि मलमपट्टी, इंजेक्शन यांसारखी कामं शिकवली. 1976 मध्ये शाळा सुरू केली, आणि त्या शाळेतून पुढे माडिया समाजातले डॉक्टर आणि वकील झाले. त्यांना तयार माणूस मिळणारच नव्हता. म्हणून "याला आत्ता काय येतं" यापेक्षा "याला शिकवलं तर काय येईल" हा प्रश्न त्यांना विचारावा लागला. गरजेतून आलेला असेल, पण कुठल्याही नोकरीसाठी तोच खरा प्रश्न आहे. आमच्या पाच राउंडच्या माळेत तो एकदाही येत नाही.

कंपनी म्हणजे सेवाभावी संस्था नाही, हे मला कळतं. तुलना त्यागाची करतच नाहीये. शिकणारा माणूस ओळखायचा कसा, एवढ्यापुरतीच करतोय.

*

आता तर चाळणीही फाटलीय. आम्ही जी कोडी विचारतो ती एआय काही सेकंदांत सोडवतो. यावर आमच्या धंद्याचं उत्तर काय? प्रश्न बदलायचे? छे. उमेदवाराची नजर स्क्रीनवरून हलते का ते बघायचं. काही कंपन्या पुन्हा समोरासमोर बोलवायला लागल्यात. हेमलकसाहून समोरासमोर म्हणजे एसटीनं जंगलातून साठेक किलोमीटर आलापल्ली, तिथून बल्लारशा, तिथून रेल्वे. जो प्रश्न यंत्राला येतो तो माणसाला आणखी कडक पहाऱ्यात विचारायचा, हा आमचा सुधारणेचा मार्ग.

माझ्या मागण्या क्रांतीच्या नाहीत. इंटरव्ह्यू घेणाऱ्या कुणालाही सोमवारपासून सुरू करता येतील अशा आहेत.

एक. कोडं देऊ नका, बिघडलेला कोड द्या. शंभर-दोनशे ओळींचा, खरा वाटणारा. चालवायची सोय द्या, डॉक्युमेंटेशन उघडं ठेवा, हवा तर एआयही द्या. तो कसा वाचतो, कुठे शंका घेतो, काय विचारतो ते बघा.

दोन. पहिली वीस मिनिटं एकट्याला सोडा. कॅमेरा बंद करू द्या. मग परत येऊन बोला.

तीन. त्यानं काय बनवलंय ते आधी विचारा, शेवटच्या पाच मिनिटांत नाही. आणि खोलात विचारा. नुसतं नाव टाकणारा तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. खरंच केलेल्याचे डोळे तिसऱ्या प्रश्नाला चमकतात.

चार. काय विचारणार ते नमुन्यासह आधी कळवा. सगळ्यांना. आज ते फक्त ज्याचा मित्र आत आहे त्यालाच कळतं. आणि अडखळणाऱ्याला सांगा, आपल्या भाषेत विचार कर, मग इंग्रजीत थोडक्यात सांग.

पाच. नाकारलंत तर का ते दोन ओळींत कळवा. "आम्ही दुसऱ्या उमेदवारांसोबत पुढे जात आहोत" हे उत्तर नाही, तो दरवाजा बंद झाल्याचा आवाज आहे.

यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट मी गेले काही महिने करतोय. त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही. साचा तोच आहे, पण साच्यातली मिनिटं कशी खर्चायची हे माझ्या हातात असतं. सगळे इंटरव्ह्यू चांगले होतात असं नाही. एकदा वीस मिनिटं एकटा सोडलेला मुलगा वीस मिनिटं नुसता बसून होता. पण "माहीत नाही" असं वाटत असताना "नो हायर"वर क्लिक करणं कमी झालंय.

त्या मुलाचं काय? काही नाही. आमच्याकडे नाकारलेल्याला काही महिने पुन्हा बसता येत नाही. मी त्याला मेल करू शकत नाही, नियमात बसत नाही. केला असता तरी काय लिहिणार होतो? की पाणी चढतं-उतरतं का, हा तुझा प्रश्न बरोबर होता?

*

परवा संध्याकाळी ती शेजारची मुलगी पुन्हा आली. या वेळी मी पुटपुटलो नाही. तिला सांगितलं की दोन वेगवेगळ्या गोष्टी शिकाव्या लागतात. एक म्हणजे काम: नीट वाचणं, बिघडलेलं शोधणं, कळलं नाही तर विचारणं, आपल्या आसपासच्या कुणाचा तरी एखादा त्रास प्रोग्राम लिहून कमी करणं. हे तू आत्तापासून शिकू शकतेस, आणि ते तुझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. दुसरी म्हणजे परीक्षा. तीही शिकावी लागेल, कारण आज दार तेच आहे. ती कशी असते ते मी तुला सगळं सांगीन, नमुने देईन, बारावीनंतर दर सुट्टीत सराव घेईन. पण ती परीक्षा म्हणजे तुझं वजन नाही. नापास झालीस तर एवढंच समजायचं की त्या दिवशी त्या भोकातून गेली नाहीस.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण दादा, परीक्षा चुकीची आहे हे तुम्हाला माहीत आहे, तर तुम्ही लोक ती बदलत काहून नाही?"

मी तिला म्हणालो, बदलतोय. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माझ्या एकट्याच्या हातात नाही. तुमच्यापैकी जे कुणी उद्या सकाळी अकराला कॅमेऱ्यासमोर बसून एखाद्या अनोळखी पोराला बेटं मोजायला सांगणार आहेत, त्यांच्या हातात आहे.